बॉक्सिंगची पहिली बाउट (लढत) ठरलीय? मग हे आठ आठवडे असे घालवा

नाव दिलं, तारीख कळली, की डोक्यात एकच येतं, आता जीव तोडून प्रॅक्टिस. पण कशाची, किती आणि कधी थांबायचं हे कोणी नीट सांगत नाही. मग पोरं सकाळी दहा-दहा किलोमीटर पळतात, संध्याकाळी दोन तास बॅग बडवतात, शेवटच्या चार दिवसांत जेवण तोडतात आणि रिंगमध्ये दुसऱ्या राउंडला हातच वर होत नाहीत. माझ्या पहिल्या बाउटला अगदी हेच झालं. पहिला राउंड बरा गेला, दुसऱ्यात खांदे असे भरून आले की गार्ड, म्हणजे तोंडासमोर धरलेले हात, छातीपर्यंत उतरला, समोरच्याचे ठोसे येताना दिसत होते पण हात हलत नव्हते. तो माझ्यापेक्षा फार भारी होता असं नाही, तो ताजा होता आणि मी दमून रिंगमध्ये चढलो होतो. आता ज्युनिअर मुलामुलींना शिकवतो तेव्हा सगळ्यात आधी हेच सांगतो.

तर पहिली गोष्ट, तयारी नक्की कशाची करायचीय ते बघा. अमॅच्युअर (हौशी, प्रो नसलेल्यांची) एलिट, म्हणजे मोठ्या वयोगटाची, बाउट म्हणजे ३ मिनिटांचे ३ राउंड, मध्ये १-१ मिनिट विश्रांती. ज्युनिअर किंवा अगदी नवख्यांच्या बाउटमध्ये राउंड छोटे असू शकतात, ते आधीच विचारून ठेवा. प्रो बॉक्सर १२ राउंडची टायटल फाइट खेळतो, त्याचं गणित वेगळं, तो पहिले दोन-तीन राउंड नुसता समोरच्याला वाचण्यात घालवू शकतो. तुमच्याकडे तो वेळ नाही, घंटा वाजली की काम सुरू. नऊ मिनिटं पूर्ण जोरात, मध्ये फक्त दोनदा श्वास घ्यायला मिळणार, म्हणून सगळी प्रॅक्टिस याच मापाने कापायची. बॅग ३ मिनिटं, शॅडो (समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारणं) ३ मिनिटं, दोरी ३ मिनिटं, मध्ये मोजून १ मिनिट. मोबाइलवर राउंड टायमर लावा आणि त्या मिनिटात फोन बघू नका, नाकाने श्वास घेत चालत राहा. शरीराला ते एक मिनिट वापरायची सवय लागते आणि बाउटमध्ये ती फार कामाला येते.

आठ आठवडे हातात असतील तर मी ढोबळ असं वाटतो, पहिले तीन आठवडे दम आणि बेसिक, पुढचे साधारण साडेतीन आठवडे सगळ्यात कठीण, आणि शेवटचे दहा दिवस कमी करत जायचं. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी, ती बुडवायची नाही.

पळण्याचं आधी सांगतो कारण तिथेच सगळे चुकतात. सुरुवातीच्या तीन आठवड्यांत तीन-चार दिवस ५-६ किलोमीटर आरामात पळा, इतकं आरामात की शेजारी कोणी असेल तर बोलता आलं पाहिजे. याने पाया बनतो, दोन राउंडच्या मधल्या मिनिटात धडधड लवकर खाली येते. पण नुसतं हेच करत राहिलात तर तुम्ही हळू पळण्यात तरबेज व्हाल, बॉक्सिंगमध्ये नाही. चौथ्या आठवड्यापासून त्यातले दोन दिवस बदला, एका दिवशी ३ मिनिटं जोरात, १ मिनिट चालणं, असं चार ते सहा वेळा. दुसऱ्या दिवशी २०० मीटरचे आठ स्प्रिंट, प्रत्येकानंतर दीड मिनिट थांबून. स्प्रिंटचा दिवस आणि स्पॅरिंगचा (पार्टनरसोबत सरावाच्या लढतीचा) दिवस एकत्र आणू नका, पाय मेलेले असताना स्पॅरिंग केलं की मार खायची सवय लागते.

दोरी रोज, वॉर्मअपला तीन राउंड. उंच उड्या मारायच्या नाहीत, जमिनीपासून जेमतेम सुटायचं, पंजावर राहायचं, मनगटं फिरवायची. पोटऱ्या पहिल्या आठवड्यात दुखतील.

आता शॅडो. नवीन पोरांना शॅडो म्हणजे वॉर्मअप वाटतो, हवेत हात हलवले आणि झालं, पण माझ्या मते बॅगपेक्षा शॅडोमध्ये जास्त शिकायला मिळतं कारण तिथे अडवायला काही नसतं, तुमचा तोल गेला तर तो तुमचाच गेला. पहिला राउंड आरशासमोर, हनुवटी खाली आहे का, मागचा हात गालाला चिकटलाय का, मागची टाच हलकी उचललेली आहे का, एवढंच बघायचं. पुढचे दोन राउंड आरशाला पाठ करून, समोर खरा माणूस आहे असं धरून. तो जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारतोय, तुम्ही डोकं बाहेर काढताय, उलटा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) देताय, बाजूला सरकताय. समोरचा माणूस दिसत नसेल तर तो शॅडो नाही, हातांची कवायत झाली.

आणि जॅब. जॅबवर मी कितीही बोलू शकतो. पहिल्या बाउटला तुम्हाला दहा कॉम्बिनेशन यायची गरज नाही, एक चांगला जॅब, त्यामागे क्रॉस, आणि पोटात एक हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) एवढं पक्कं असलं तरी तुम्ही बऱ्याच जणांच्या पुढे असता. जॅब खांद्यातून जातो, शेवटच्या क्षणी मूठ फिरते, खांदा हनुवटीला झाकतो, आणि पुढचा पाय अर्धं पाऊल सोबत जातो. हे सगळं बहुतेकांना जमतं. जमत नाही ते परत येणं. हात जातो सरळ आणि परत येताना कमरेकडून वळसा घेऊन येतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात समोरच्याचा क्रॉस वरून येऊन बसतो. मी नवशिक्यांच्या जितक्या बाउट पाहिल्या त्यात सगळ्यात जास्त मार याच एका चुकीने बसताना पाहिलाय. उपाय एकच, पॅडवर (कोच हातात धरतो त्या गाद्यांवर) मारताना कोचला सांगा की प्रत्येक जॅबनंतर तुमच्या गालाला पॅडने टपली मारा. हात परत आला असेल तर पॅड ग्लोव्हवर बसेल, नसेल तर गालावर. दोन आठवड्यांत हात आपोआप यायला लागतो. जॅब एकेरी मारू नका, दोन मारा, पहिला अंतर मोजायला आणि दुसरा लागायला.

बॅगवर काम करताना बॅग ढकलू नका, ठोसा लागून लगेच सुटला पाहिजे, बॅग झुलायला लागली म्हणजे तुम्ही धक्का देताय. मी राउंड वाटून देतो, पहिला फक्त जॅब आणि पाय, दुसरा डोकं-पोट-डोकं, तिसऱ्यात मोकळं खेळा पण शेवटची ३० सेकंदं हात थांबता कामा नयेत. दमलेल्या हातांनी, पण गार्ड न सोडता. राउंडचा शेवट तुम्ही चढून केला की जजच्या डोळ्यासमोर तेच ताजं असतं, आणि समोरचा स्टुलाकडे जाताना तेच डोक्यात घेऊन जातो. सहा ते आठ राउंड बॅग पुष्कळ झाली. प्रत्येक ठोशाला जोरात श्वास सोडा, श्वास धरून मारणारा एका मिनिटात संपतो.

ताकदीच्या व्यायामाबद्दल थोडक्यात, पुशअप, पुलअप, स्क्वॉट, पोटाचे व्यायाम, मेडिसिन बॉल, आठवड्यातून दोनदा. मान विसरू नका, मजबूत मानेमुळे ठोसा बसला तर डोकं कमी हलतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर जड वजनांचे नवीन प्रयोग नकोत, मांड्या भरून आल्या की फूटवर्क गेलंच.

स्पॅरिंगचा भाग नीट वाचा, घाई करू नका.

स्पॅरिंग दोन प्रकारचं असतं. एक शिकायचं, जिथे जोर तीस-चाळीस टक्के आणि काहीतरी ठरवून करायचं, उदाहरणार्थ हा राउंड मी फक्त जॅब मारणार आणि तू फक्त पोटात मारणार. दुसरं बाउटसारखं, जोर जास्त, टायमर लावून, कोच रेफ्री. आठवड्यात दोन दिवस स्पॅरिंग, त्यातला जास्तीत जास्त एक दिवस कडक, आणि सलग दोन दिवस कधीच नाही. ग्लोव्ह्ज १६ औंसचे, वजन कमी असेल तर १४, हेडगार्ड आणि गमशील्डशिवाय (दातांवरचं कव्हर) रिंगमध्ये पाय ठेवायचा नाही. पण हेडगार्डवर जास्त विश्वास नको, तो कापण्या-खरचटण्यापासून वाचवतो, आत मेंदू कवटीवर आदळतो ते त्याने थांबत नाही. ऑलिम्पिकमध्ये २०१६ च्या रिओपासून पुरुषांचे बॉक्सर हेडगार्डशिवाय खेळतात, ते बघून पोरं प्रॅक्टिसलाही काढून टाकतात, तसं करू नका.

पार्टनर बदलते ठेवा. उंच, बुटका, अंगावर येणारा, पळणारा. साउथपॉ म्हणजे डावखुरा एक तरी शोधा, कारण पहिल्या बाउटला अचानक डावखुरा समोर आला की माणूस गोंधळतो, जॅबला जॅब आदळतो आणि पायावर पाय पडतो. तुम्ही ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा पाय पुढे ठेवून खेळणारे, असाल तर तुमचा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवायचा प्रयत्न करा आणि सरळ उजवा हात मधून टाका. तीन-चार वेळा स्पॅरिंग केलं की हे अंगात बसतं.

शेवटचं कडक स्पॅरिंग बाउटच्या ८-१० दिवस आधी, त्यानंतर बंद. १९७४ मध्ये जॉर्ज फोरमन आणि मोहम्मद अलीची किन्शासाची फाइट सप्टेंबरमध्ये होणार होती, पण साधारण आठवडाभर आधी स्पॅरिंगमध्ये फोरमनच्या उजव्या डोळ्यावर कापलं आणि सगळी फाइट ३० ऑक्टोबरला ढकलावी लागली. तिथे वर्ल्ड चॅम्पियन होता म्हणून तारीख पुढे गेली, तुमच्या-माझ्यासाठी कोणी तारीख बदलत नाही, नाव कापलं जातं. त्याच फाइटमधून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, अली दोऱ्यांना टेकून गार्डवर मार झेलत राहिला, फोरमन पूर्ण ताकदीने मारत राहिला आणि आठव्या राउंडला त्याच्यात काही उरलं नव्हतं, तिथे अलीने त्याला नॉकआउट केलं. तुमच्या तीन राउंडलाही हेच लागू आहे, प्रत्येक ठोसा शंभर टक्के ताकदीचा मारायचा नसतो. तीन हलके, एक जड, असं खेळा.

डोक्याला मार लागला आणि नंतर डोकं दुखतंय, उलटी होतेय, उजेड सहन होत नाही, चिडचिड होतेय, काही आठवत नाही, यातलं एकही असेल तर त्या दिवशी स्पॅरिंग तिथेच बंद आणि डॉक्टर. उद्या बरं वाटेल म्हणून परत रिंगमध्ये उतरू नका, मेंदू सावरायच्या आधी दुसरा मार बसणं हे जिवावर बेतू शकतं. अमॅच्युअर नियमांत डोक्याच्या माराने नॉकआउट झालं तर किमान ३० दिवस सक्तीने बाहेर बसवतात, ते प्रॅक्टिसलाही लावा. कोच चिडेल, पार्टनर काहीतरी बोलतील, बोलू द्या. तारीख परत येते.

हातांची काळजी हाही मोठा विषय आहे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामागचं हाड चुकीच्या ठोशाने मोडतं, म्हणून लागायला पहिल्या दोन बोटांचे गुडघे (नकल्स) लागले पाहिजेत. साडेचार मीटरचं रॅप (हाताला गुंडाळायची पट्टी) घ्या. अंगठ्यात फास, मग मनगटाला तीन वेढे, मग मुठीच्या गुडघ्यांवर तीन-चार, मग बोटांच्या मधून, अंगठ्याला एक, आणि उरलेलं परत मनगटाला. बांधताना बोटं पसरलेली ठेवा, मूठ वळल्यावर घट्ट आणि उघडल्यावर सैल वाटलं की बरोबर. बोटं निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून परत बांधा. बॅगवर असो नाहीतर पॅडवर, रॅपशिवाय एकही ठोसा नाही.

आता वजन. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं इथे आहे.

पहिल्या बाउटला वजन तोडू नका. साध्या वजनावर जो गट येतो त्यात खेळा, फार तर एक-दोन किलो, तेही आठ आठवड्यांत हळूहळू, आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त नाही. टीव्हीवर प्रो बॉक्सर सॉनात बसून चार-पाच किलो उतरवताना दिसतात आणि पोरांना वाटतं हेच करायचं असतं. त्यांचं वजन बहुतेक वेळा आदल्या दिवशी होतं, मग पाणी-जेवण परत भरायला त्यांना जवळपास २४ तास मिळतात. अमॅच्युअरमध्ये वजन बाउटच्या दिवशी सकाळी होतं आणि काही तासांत तुम्ही रिंगमध्ये असता, आणि टूर्नामेंट असेल तर ज्या दिवशी बाउट त्या दिवशी परत वजन. शरीरातलं पाणी वजनाच्या दोन टक्के जरी कमी झालं तरी दम उतरतो, आणि सुकलेल्या शरीराने डोक्यावर मार झेलणं वेगळंच धोक्याचं. प्लॅस्टिक सूट घालून पळणं, थुंकत बसणं, पाणी पूर्ण बंद करणं, यातलं काही नको. लघवीच्या गोळ्या तर अजिबात नको, डाययुरेटिक्स डोपिंगमध्ये बंदी असलेल्या यादीत आहेत, एका गोळीने करिअर जाऊ शकतं.

उलट बाजूही आहे. हेवीवेट बॉक्सर अँडी रुईझने जून २०१९ मध्ये तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन अँथनी जोशुआला हरवून सगळ्यांना चकित केलं, आणि डिसेंबरच्या रीमॅचला तो जवळपास १५ पाउंड जास्त वजनाने आला आणि पॉइंट्सवर हरला, तयारी नीट केली नाही हे त्याने स्वतः कबूल केलं. हेवीवेटला वरची मर्यादा नसते म्हणून काट्यावर त्याला कोणी अडवलं नाही, रिंगमध्ये पायांनी अडवलं. म्हणून रोज सकाळी, एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. खाणं सरळ ठेवा, प्रॅक्टिसच्या दोन-तीन तास आधी भात, ब्रेड, बटाटा असलं काहीतरी, नंतर प्रोटीन. दिवसभरात वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण दीड-दोन ग्रॅम प्रोटीन पुरतं. कमी करायचंच असेल तर गोड, तळलेलं आणि रात्री उशिराचं खाणं काढा, जेवण नाही.

शेवटचे दहा दिवस. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. प्रॅक्टिस जवळपास अर्ध्यावर आणा पण वेग कमी करू नका. आठ राउंडच्या जागी चार, पण ते चार टोकदार. पळणं छोटं, दोरी, शॅडो, पॅड. शेवटच्या दोन दिवसांत फक्त हलका शॅडो आणि स्ट्रेचिंग. या काळात अंगात जरा जास्तच जोर वाटायला लागतो, हात खाजायला लागतात, आणि मग कोणीतरी जाऊन रात्री दोन तास बॅग मारून येतो. नका करू, तो जोर रिंगसाठी साठवलाय. आदल्या रात्री झोप लागली नाही तर घाबरू नका, फार जणांची लागत नाही, पण त्याच्या आधीच्या तीन-चार रात्री भरपूर झोपा.

सामानाची बॅग आदल्या संध्याकाळी भरा. रॅप, गमशील्ड, अ‍ॅब्डॉमिनल गार्ड, रेकॉर्ड बुक किंवा मेडिकलचे कागद, लाल आणि निळी दोन्ही जर्सी कारण कॉर्नर कुठला येईल माहीत नसतं, टॉवेल, पाणी, वजनानंतर खायला ओळखीचं काहीतरी. नवीन बूट, नवीन गमशील्ड, नवीन खाणं त्या दिवशी नाही. गमशील्ड निदान चार-पाच स्पॅरिंगमध्ये वापरलेलं हवं, सैल असलं तर तोंडातून पडतं आणि मध्येच बाउट थांबते.

वजन झालं की लगेच पाणी, थोडं मीठ-साखर, मग पचेल असं जेवण, पोट फुगेपर्यंत नाही. मग पाय वर करून पडून राहा. स्टेडियममध्ये दिवसभर उभं राहून दुसऱ्यांच्या बाउट बघत ओरडणारी पोरं स्वतःच्या बाउटला आधीच दमलेली असतात.

तुमच्या आधी पाच-सहा बाउट उरल्या की वॉर्मअप. दहा मिनिटं दोरी आणि सांधे मोकळे करणं, दोन राउंड शॅडो, दोन राउंड पॅड, कपाळावर घाम आलाच पाहिजे. थंड अंगाने चढलात तर पहिला राउंड वॉर्मअपमध्येच जातो. पोटात गोळा येईल, तोंड सुकेल, सारखी लघवीला जावंसं वाटेल, हे सगळ्यांना होतं, समोरच्यालाही होतंय. चार मोजून श्वास आत, सहा-सात मोजून बाहेर, असं दोन मिनिटं करा, हातांची थरथर कमी होते.

रिंगमध्ये काय होतं त्याबद्दल. पाच जज असतात, प्रत्येक जज राउंड जिंकणाऱ्याला १० आणि दुसऱ्याला ९ किंवा कमी देतो. राउंड तीनच, म्हणजे पहिला गेला की उरलेले दोन्ही जिंकावे लागतात. म्हणून घंटा वाजल्यावर बघू-बघू करत उभं राहू नका, मध्यावर जा, जॅब टाका, रिंगचा मधला भाग धरा. स्वच्छ लागलेला ठोसा म्हणजे मुठीच्या गुडघ्यांचा, डोक्याला समोरून-बाजूने किंवा पट्ट्याच्या वर धडाला. उघड्या ग्लोव्हने मारणं, डोक्याच्या मागे मारणं, धरून ठेवणं, डोकं खाली घालून घुसणं यावर रेफ्री टोकतो, वॉर्निंग मिळाली की मार्क जातो आणि तिसऱ्या वॉर्निंगला बाहेर. जोराचा ठोसा बसला आणि रेफ्रीने आठ मोजले तर घाई न करता पूर्ण आठ घ्या, त्याच्या डोळ्यांत बघा, हात वर ठेवा.

मधल्या मिनिटात स्टुलावर बसा, पाय पसरा, पहिली वीस सेकंदं फक्त श्वास. पाण्याचा एक घोट. कोचने एकच गोष्ट सांगावी, फार तर दोन, हे आधीच ठरवून घ्या, कारण चार लोक चारही बाजूंनी ओरडायला लागले की काहीच डोक्यात शिरत नाही. मी माझ्या पोरांना एक शब्द देतो, "जॅब" किंवा "पोट" किंवा "बाहेर", तेवढाच ऐकू जातो.

बाउट झाल्यावर, जिंकलात किंवा हरलात, डॉक्टरकडून तपासून घ्या, त्या रात्री एकटे झोपू नका, घरच्या कोणाला सांगून ठेवा की डोकं दुखलं किंवा उलटी झाली तर लगेच हॉस्पिटल. सुजलेल्या जागी बर्फ, कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. व्हिडिओ असेल तर त्याच रात्री बघू नका, दोन दिवसांनी कोचसोबत बसून बघा, एकदा आवाज बंद करून फक्त स्वतःचे पाय बघा आणि एकदा फक्त डावा हात परत कुठून येतोय ते बघा. पुढचा आठवडा ग्लोव्ह्जला हात नाही, चालणं, पोहणं, हलकं पळणं चालेल, आणि मार जास्त बसला असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत स्पॅरिंग नाही. जिममध्ये परत आलात की पहिल्या दिवशी तीन राउंड दोरी आणि तीन राउंड शॅडो, आरशासमोर.